क्वाड रेकॉर्ड्स आणि माझा ५.१ रिसीव्हर: आठ महिन्यांनंतर

गेल्या आठवड्यात गडगडाटात लाइट गेली, आली, परत गेली आणि रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) मेला. फोंड्याहून पणजीला सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. तिथल्या पोराने दहा मिनिटांत जिवंत केला, पण फॅक्टरी रिसेट मारून. वर साडेआठशे रुपये. मागच्या स्पीकरची अंतरं मी टेपने मोजून भरलेली, सगळी गेली. घरी रेकॉर्ड लावली तर गाणारा पुन्हा टीव्हीखालच्या सेंटर स्पीकरमध्ये जाऊन बसलेला! फोन केला तर म्हणतो, "साहेब, आवाज येतो ना?" येतो रे बाबा, पण कुठून?

क्वाड म्हणजे चार चॅनेलचा आवाज, त्यात सेंटर नसतोच. पुढे दोन, मागे दोन, आणि गायक पुढच्या दोघांच्या मधोमध हवेत. रिसीव्हरला मात्र तो रिकामा मध्य बघवत नाही. हे मी घरात इतक्यांदा बोललोय की बायको आता सेंटरला 'सवत' म्हणते.

रेकॉर्ड्स बोटीवर असलेल्या काकांच्या. ७०च्या दशकात परदेशातून आणल्या आणि जन्मभर साध्या स्टिरिओवर ऐकल्या. एकूण अकरा, चार चॅनेल एका रेकॉर्डमध्ये बसवायच्या तीन पद्धतींच्या: सात एसक्यू, तीन सीडी-४, एक क्यूएस. कव्हरांवर दर जुलैत पांढरी बुरशी येते. डिस्टिल्ड वॉटर, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. मग भांड्यांच्या जाळीत उभ्या करून पंख्याखाली.

पहिले तीन महिने माझं मत होतं की क्वाड म्हणजे निव्वळ भूलथापा. मागून नुसता देवळाच्या सभामंडपासारखा घुमारा. चूक माझीच. मी एसक्यू रेकॉर्ड रिसीव्हरच्या डॉल्बी सराउंडवर (दोन चॅनेल सगळ्या स्पीकरांत वाटणारा मोड) ऐकत होतो. एसक्यूत मागचे दोन चॅनेल ९० अंशांच्या फेजफरकाने (लहर पाव फेरी सरकवून) पुढच्या दोघांत कालवलेले असतात. डॉल्बीचं गणित वेगळं. क्यूएसचं त्याला जवळचं, म्हणून ती एकटी बऱ्यापैकी वाजायची. सीडी-४चा नाद सोडला: ३० किलोहर्ट्झची वाहक लहर (कानाला न ऐकू येणारी) उचलायला शिबाता ही खास घडणीची सुई हवी, वर त्या लहरीतला आवाज सोडवणारा वेगळा डिमॉड्युलेटर.

ऑस्ट्रेलियात बनणारा सराउंड मास्टर हा डिकोडर (कालवलेले चॅनेल वेगळे करणारं यंत्र) घ्यावा असं मनात होतं, पण कस्टम धरून हिशेब केला आणि लॅपटॉप उघडला. रेकॉर्ड २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवायची, संगणकावर एसक्यू सोडवायची, चार चॅनेलची फाइल एचडीएमआयने रिसीव्हरला. एका रेकॉर्डला एक संध्याकाळ जाते. पैसे शून्य.

पहिली केली पिंक फ्लॉइडची १९७३ची 'द डार्क साइड ऑफ द मून'. त्यातली घड्याळं ध्वनिमुद्रण अभियंता अ‍ॅलन पार्सन्सने मुळात क्वाडच्या प्रात्यक्षिकासाठी एकेक करून ध्वनिमुद्रित केली होती. ती चहूकडून वाजायला लागली आणि तांदूळ निवडत बसलेल्या आईने मान वळवून मागच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ते दोन वर्षं बंद आहे.

म्हणून मत बदललं, रिसीव्हरबद्दलसुद्धा. तयार चार चॅनेल दिले की तो गुपचूप वाजवतो. शहाणपणा करतो तो दोन दिल्यावर. आता स्पीकर सेटअपमध्ये सेंटर 'नन' (म्हणजे नाहीच) केलाय, अंतरं कागदावर लिहून रिसीव्हरच्या पोटाला चिकटवलीत, आणि ढग दिसले की प्लग काढतो.

सेंटर स्पीकर विकायचाय. जवळपास न वापरलेला. फोंड्यात येऊन न्यावा. पाठवायचा खर्च मी करणार नाही.