परसातली मोठी छत्री: भंगारातली पत्र्याची की घरी बांधलेली जाळीची?

उपग्रहाचे चॅनल पकडणारी नवी सहा फुटी छत्री मागितली की दुकानदार हल्ली आधी आपल्याला निरखून घेतो आणि मग "मागवावी लागेल" म्हणतो. त्यात नवल नाही. १९९१ साली आशियासॅट-१ वरून स्टार टीव्ही दिसू लागला आणि केबलवाल्यांच्या गच्च्यांवर छत्र्यांची रांग उभी राहिली. २०१२ च्या अखेरीस मुंबईत आणि पुढच्या वर्षी पुण्या-नाशकात केबल डिजिटल झाली, गल्लीतल्या केबलवाल्याला सगळे चॅनल मोठ्या कंपनीकडून तयार मिळायला लागले. मग स्वतःची छत्री ठेवून तो करणार काय? घरोघरी तर दोन फुटी डिश आधीच आली होती. ज्याला फक्त फुकटात सह्याद्री वाहिनी आणि थोड्या बातम्या बघायच्या आहेत त्याने सरळ डीडी फ्री डिश लावावी. त्याला पुढचं वाचायची गरज नाही.

ज्यांना सी-बँडची, म्हणजे मोठ्या छत्रीवर येणाऱ्या आणि पावसाला फारशा न जुमानणाऱ्या लांब लहरींच्या चॅनलची खोड लागली आहे, किंवा ज्यांच्या छोट्या डिशवर जुलैत ऐन बातम्यांच्या वेळी चित्राचे चौकोन होतात, त्यांच्यापुढे मात्र आज दोनच खरे रस्ते आहेत. केबलवाल्याची उतरवलेली पत्र्याची सहा फुटी छत्री आणायची, नाहीतर घरी जाळीची बांधायची. कारखान्यातल्या आठ फुटी जाळीच्या छत्र्या उत्तम असतात, पण ॲल्युमिनियमला भाव आहे. आपण पोचेपर्यंत भंगारवाल्याने पाकळ्या मोडून वजनकाट्यावर टाकलेल्या असतात. नव्वद सेंटिमीटरच्या डिशला सी-बँडचा एलएनबी (छत्रीसमोर बसून गोळा झालेल्या लहरी ऐकणारा डबा) बांधणारेही आहेत. तगडे सिग्नल त्यावर येतात, नाही म्हणत नाही. पण सी-बँडची लहर साडेसात सेंटिमीटरची, त्यामुळे एवढीशी डिश आभाळाचा जवळजवळ सहा अंशांचा पट्टा एकदम बघते, आणि शेजारचे उपग्रह दोन-तीन अंशांवर बसलेले. सगळ्यांची मिसळ होते. तो नाद मी लवकर सोडला.

पत्र्याची आणि जाळीची, दोन्ही मी साताऱ्याजवळच्या घरी वापरल्या आहेत. पत्र्याच्या बाजूने पहिली गोष्ट म्हणजे आकार. कारखान्यात दाबून काढलेल्या पत्र्याची बरोबरी घरच्या कारागिरीला जमत नाही. तीच छत्री केयू-बँडलाही, म्हणजे छोट्या डिशवर येणाऱ्या आखूड लहरींनाही चालते. तिथे लहर अडीच सेंटिमीटरची, म्हणून पृष्ठभागात दीड-दोन मिलिमीटरची खोटही जाणवते. घरच्या जाळीकडून ती अपेक्षा करू नये. जुनी छत्री घेताना एवढंच करा: काठावरून काठावर दोन दोरे एकमेकांना काटकोनात ताणून बांधा. मध्यभागी दोरे नुसते टेकले तर ठीक. फट राहिली, किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला, तर छत्री टेम्पोतून पडलेली आहे, विकणारा काहीही म्हणो.

इथपर्यंत पारडं पत्र्याकडे झुकतं. माझं मन फिरवलं ते पाण्याने.

आपल्याकडून ८३ अंश पूर्वेचा जीसॅट-३० बघायचा तर छत्री जवळजवळ आभाळाकडे तोंड करून बसते. साताऱ्यातून तो उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६७ अंशांवर. म्हणजे छत्री आडवीपासून जेमतेम तेवीस अंश कललेली, आणि तिच्या काठाचा चढ मात्र तीस अंशांच्या वर. पाणी ओघळायला वाटच नाही. डबकं मध्यभागी होत नाही, खालच्या काठापासून फूटभर आत होतं. कारखान्याने भोक ठेवलेलं असलं तर ते बरोबर मध्ये, म्हणजे कोरडं. मी खालच्या बाजूला नवं भोक पाडलं, तर पहिल्याच पावसात शेजारच्या शेवग्याची टिकलीएवढी पानं त्यात बसली आणि भोकाभोवती रंग सुटून गंज धरला. पाण्याच्या वजनाने छत्री हळूच खाली झुकते, मग सिग्नल जातो, मग पान्हा घेऊन वर चढा. डबक्याचा सपाट पृष्ठभाग लहरी भलतीकडे फेकतो ते वेगळंच. आणि आठवडाभर उघडीप मिळाली की त्याच पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताना दिसतात. डेंग्यूच्या दिवसांत घरातल्यांनी यावर काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

१०० अंशांच्या पुढचे उपग्रह बघणाऱ्यांना हा त्रास नाही, कारण तिकडे वळवल्यावर छत्री इतकी कलते की पाणी आपोआप जातं. ९३.५ वर प्रकरण अगदी काठावर आहे. सोलापूर-लातूरकडे पाऊसच बेताचा, त्यामुळे तिथल्या माणसाने माझी तक्रार कदाचित हसण्यावारी न्यावी.

जाळीत पाणी थांबत नाही. माझ्यापुरतं एवढं पुरेसं होतं, पण बांधायला वाटते तितकी अवघडही नाही. सहा फुटीसाठी १८० सेंटिमीटर रुंदी आणि २७ सेंटिमीटर खोली धरा. रुंदीच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागलं की नाभी, म्हणजे लहरी एकवटतात आणि एलएनबी बसवायचा ती जागा, येते बरोबर ७५ सेंटिमीटरवर, आणि साच्याचे आकडेही तोंडपाठ होण्यासारखे: मध्यापासून ३० वर ३ सेंटिमीटर उंची, ६० वर १२, ९० वर २७. प्लायवूडवर हे ठिपके मारून गोलाईने जोडले की साचा तयार. त्यावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या वाकवायच्या. काटकसर करायची नाही ती पट्ट्यांच्या संख्येत. दोन पट्ट्यांमध्ये जाळी सपाट ताणली जाते, म्हणून सोळा पट्ट्यांत काठाशी सेंटिमीटरभर खोट राहते. चोवीस केल्या की ती निम्म्याच्या आत येते आणि सी-बँडला तेवढी चालून जाते.

जाळी खिडकीला लावतात ती ॲल्युमिनियमची, डासांची. कोंबड्यांची जाळी घेऊ नका, तिच्या भोकांतून या लहरी बऱ्याच गळतात. १९७५-७६ मध्ये साइट प्रयोगात एटीएस-६ उपग्रहावरून २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला, तेव्हा अहमदाबादेत आखलेल्या दहा फुटी छत्र्या कोंबड्यांच्या जाळीच्याच होत्या. पण ते प्रसारण ८६० मेगाहर्ट्झचं, लहर पस्तीस सेंटिमीटरची. तिला ती भोकं दिसतही नव्हती.

जाळीचे दोष आहेतच. बारीक जाळीला वाराही बऱ्यापैकी अडतो, त्यामुळे खांब पत्र्याच्या छत्रीला रोवाल तितकाच पक्का रोवा. माकडांचा वावर असेल तर विचारच नको. कमजोर चॅनलवर माझ्याकडची पत्र्याची किंचित सरस होती असं मला वाटतं. मात्र पावसाळाभर ती क्वालिटी टिकवायला मी आठवड्याला गच्चीवर असे. जाळी दोन-तीन पावसाळ्यांनी जागोजाग ढिली होते. तेव्हा जुनी काढून नवी तारेने बांधायची, सांगाडा तोच राहतो.

एलएनबी दोन्हीकडे विकतचाच. तिथे फक्त एक बघा. २०२२ च्या लिलावात ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झ ५जी ला गेलं, आणि जुना एलएनबी ३.४ पासून ऐकतो. जवळ टॉवर असेल तर छत्री कितीही चांगली असो, सगळं बधिर. ३.७ पासून पुढचं ऐकणारा, फिल्टरवाला मागून घ्या. त्याच्या तोंडाभोवतीचं कडं कोरलेल्या आकड्यांपैकी ०.४२ वर लावायचं. वरच्या मापाच्या जाळीच्या छत्रीचा हा आकडा, ७५ ला १८० ने भागून आलेला.