सायबर सिक्युरिटीची पदवी सांगून भलतंच गळ्यात मारतात ते असं

सपशेल खोटी विद्यापीठं असतातच. कराचीतल्या अ‍ॅक्झॅक्ट या कंपनीने शेकडो बनावट शिक्षणसंस्थांच्या वेबसाइट उभ्या करून पदव्या विकल्याचं २०१५ मध्ये उघड झालं. पण तो प्रकार थोडी चौकशी केली की पकडता येतो. खरी गोची मधल्या प्रकारात आहे. विद्यापीठ खरं, पदवीही खरी, फक्त ती सायबर सिक्युरिटीची नसते. पदवी प्रमाणपत्रावर साध्या कॉम्प्युटर अ‍ॅप्लिकेशन्सचं नाव येतं आणि सायबर सिक्युरिटीचा वेगळा कागद कुठल्यातरी प्रशिक्षण कंपनीने छापून दिलेला असतो. माहितीपुस्तिकेत मात्र ‘विद्यापीठाच्या सहकार्याने’ असं मोघम लिहिलेलं. इमारत भाड्याने दिली तरी ते सहकार्यच!

म्हणून प्रवेशाआधी एक प्रश्न ईमेलवर विचारा: अंतिम प्रमाणपत्रावर पदवीचं, विषयाचं आणि पदवी देणाऱ्या संस्थेचं नाव नेमकं काय छापलं जाणार? मागच्या बॅचच्या प्रमाणपत्राची नाव झाकलेली प्रत मागा. उत्तर फक्त फोनवरच मिळत असेल तर फी भरू नका.

मान्यतेबाबतही असाच घोळ घातला जातो. संस्थेची मान्यता वेगळी, अभ्यासक्रमाची वेगळी, आणि दोन्हींना मुदत असते. अमेरिकेतली एबेट ही मान्यता देणारी संस्था अभ्यासक्रम तपासते आणि त्यासाठी किमान एक विद्यार्थी तो पूर्ण करून बाहेर पडलेला असावा लागतो. त्यामुळे यंदाच सुरू झालेला कोर्स एबेटमान्य असल्याचा दावा उघड खोटा ठरतो. ब्रिटनच्या एनसीएससी या सरकारी सायबर सुरक्षा केंद्राच्या प्रमाणनात ‘तात्पुरतं’ आणि ‘पूर्ण’ असे दोन प्रकार आहेत. जाहिरातीत पहिला शब्द हमखास गळतो. यादी मान्यता देणाऱ्या संस्थेच्या साइटवर स्वतः जाऊन पाहा, कॉलेजने पाठवलेल्या लिंकवरून नको. जाताजाता डोमेनची, म्हणजे वेबसाइटच्या नावाची, नोंदणी तारीखही बघा. २०१८ पासून मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं, पण तारीख दिसते. वेबसाइटचा पत्ता उजवीकडून वाचायचा. मध्ये ‘एज्यु’ आणि शेवटी ‘डॉट कॉम’ असेल तर त्या ‘एज्यु’ला काही अर्थ नाही.

सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे अभ्यासक्रम, कारण त्याचं वय लपत नाही. प्रॅक्टिकलच्या यादीत ‘बॅकट्रॅक’ ही हॅकिंगच्या टूल्सची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम दिसली तर ती यादी कुठूनतरी उचललेली आहे. मार्च २०१३ मध्ये त्याची जागा काली लिनक्सने घेतली. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या व्हर्जन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. वेबसाइटशी होणारा संवाद गुप्त ठेवणारं टीएलएस १.३ ऑगस्ट २०१८ चं आहे; तरीही धड्याचं नाव ‘एसएसएल’ (टीएलएसचा जुना पूर्वज) आणि आत त्याच्या व्हर्जन ३ चं हँडशेक, म्हणजे जोडणीची सुरुवात, असेल तर धडा दशकभर तरी मागे आहे. ओवास्प टॉप टेन, म्हणजे वेबमधल्या दहा मोठ्या धोक्यांची यादी, शिकवतो म्हणतात, तेव्हा कोणत्या वर्षाची ते विचारा. ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल (परवानगी नसलेल्या गोष्टींपर्यंत पोहोचता येणं) २०१७ च्या यादीत पाचवं होतं, २०२१ च्या यादीत पहिलं. ज्याला हा फरक सांगता येत नाही, त्याने ते शिकवलेलं नाही, स्लाइड वाचून दाखवली आहे.

जुनं म्हणजे वाईट, असं मात्र नाही. टीसीपी (नेटवर्कवर डेटा पोहोचवण्याचे नियम), ऑपरेटिंग सिस्टिम, मेमरीची मांडणी, डिस्क्रीट गणित हे सगळं जुनंच आहे आणि तेच हवं. धोका उलट दिशेने येतो. पहिल्याच सत्रात ‘एथिकल हॅकिंग’ आणि ऑपरेटिंग सिस्टिम कुठेच नाही, असा कोर्स असेल तर ती पदवी नव्हे, टूल्सची सहल आहे. अशा वर्गातला विद्यार्थी एनमॅप हे पोर्ट तपासणारं टूल चालवतो, पण बंद पोर्टकडून आरएसटी, म्हणजे नकाराचं उत्तर, येतं आणि फायरवॉलने पॅकेट टाकून दिलं की बहुधा काहीच परत येत नाही, हे त्याला माहीत नसतं. मग ‘क्लोज्ड’ आणि ‘फिल्टर्ड’ त्याला सारखेच वाटतात. मुलाखतीत इथेच विकेट जाते.

लॅब दाखवतात तेव्हा स्क्रीनची संख्या मोजत बसू नका. एखादं मशीन निवडा आणि त्यावर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) सुरू करून दाखवायला सांगा. बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन बंदच असेल तर या लॅबमध्ये फारसं काही चाललेलं नसणार. डोमेन कंट्रोलर (नेटवर्कवरची खाती सांभाळणारा सर्व्हर), एक विंडोज क्लायंट, हल्ल्यासाठी काली आणि लॉग गोळा करणारं मशीन एकत्र चालवायला १६ जीबी रॅम लागते, तीही काटकसरीने. ८ जीबीवर दोन मशीन कशीबशी चालतात. मग प्रत्येक प्रॅक्टिकल मेटास्प्लॉइटेबल २ या मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या सरावाच्या मशीनवरच संपतं: व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइल सर्व्हर, युजरनेममध्ये स्मायली, पोर्ट ६२०० वर थेट रूट शेल, म्हणजे मशीनचा पूर्ण ताबा. ते २०११ मध्ये कुणीतरी घुसवलेलं बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, आहे. पहिल्या दिवशी मजा येते. तिसऱ्या वर्षीही तेच असेल तर तीन वर्षांची फी पाण्यात.

‘पदवीबरोबर सीआयएसएसपी’ (अनुभवी लोकांसाठीचं सुरक्षेचं सर्टिफिकेट) असं लिहिलेलं असेल तर तिथूनच परत फिरा. त्यासाठी आठपैकी किमान दोन क्षेत्रांत पाच वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि पदवीमुळे त्यातलं जास्तीत जास्त एकच वर्ष कमी होतं. अनुभवाशिवाय परीक्षा पास झालात तर ‘असोसिएट’ म्हणवून घेता येतं आणि अनुभव भरून काढायला सहा वर्षं मिळतात. सिक्युरिटी प्लस या सुरुवातीच्या सर्टिफिकेटचं वेगळं: ९० मिनिटं, जास्तीत जास्त ९० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १०० ते ९०० च्या मापावर ७५०. ते पदवीच्या काळात जमतं. मात्र फीमध्ये परीक्षेचं व्हाउचर आहे की नुसता ‘तयारी वर्ग’, आणि व्हाउचर असेल तर त्याची मुदत कधी संपते, हे लेखी घ्या. ओएससीपी या प्रत्यक्ष हॅकिंग करायला लावणाऱ्या सर्टिफिकेटची परीक्षा २३ तास ४५ मिनिटांची असते, वर अहवालाला आणखी २४ तास. ‘ओएससीपी समकक्ष’ म्हणून तासाभराची पर्यायी प्रश्नांची चाचणी घेणाऱ्यांना काय म्हणावं! कुणी फुटलेले प्रश्न वाटत असेल तर हातही लावू नका. पकडलं गेलं तर विद्यार्थ्याचं सर्टिफिकेट रद्द होऊ शकतं आणि त्याच्यावर बंदी येऊ शकते.

आधीच अडकला असाल तर भांडण सुरू करण्यापूर्वी कागद गोळा करा. माहितीपुस्तिकेची मूळ फाइल, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल नंतर बदललेली नाही हे दाखवणारा ठसा), वेबपेजची तारखेसह प्रत. ईमेलचा स्क्रीनशॉट पुरत नाही. हेडरसकट (ईमेल कुठून, कसं आलं याच्या नोंदीसकट) ‘डॉट ईएमएल’ फाइल उतरवून ठेवा. प्रत्येक विषयाचा तासांसह आणि क्रेडिटसह अभ्यासक्रम सही-शिक्क्यानिशी मागून घ्या. दुसऱ्या विद्यापीठाकडे क्रेडिट मागायची झाली तर आशयाची तुलना त्यावरूनच होते, आणि वाद पेटल्यावर तो कागद मिळत नाही. आणि कितीही राग आला तरी कॉलेजच्या पोर्टलमध्ये घुसून पुरावा काढायला जाऊ नका, साधं स्कॅनसुद्धा नको. तसं केलंत की फीची तक्रार बाजूला पडते आणि चौकशी तुमचीच सुरू होते.