वार्सोम: नॉर्वेतल्या उभ्या डोंगरावर निघण्याआधी वाचायचं बुलेटिन

नॉर्वेच्या पश्चिमेला सुनमोरे भागात स्लोगेन नावाचा डोंगर आहे. उंची 1564 मीटर, आणि पायथा थेट फ्योर्डच्या पाण्याशी. चढत जाताना हवा दर 100 मीटरला साधारण 0.65 अंशाने थंड होते. म्हणजे खाली 4 अंश असतील तेव्हा माथ्यावर उणे 6. तळाला पाऊस, मध्ये ओला जड बर्फ, वर वाऱ्याने दाबून बसवलेला कोरडा बर्फ, असं सगळं एकाच चढाईत भेटतं. अशा डोंगरावर स्की टूरिंगला, म्हणजे स्कीवरूनच चढून स्कीवरून उतरायला, जाणाऱ्याने आदल्या संध्याकाळी उघडायची हिमस्खलनाच्या इशाऱ्यांची सेवा म्हणजे वार्सोम.

नॉर्वेचं जलस्रोत आणि ऊर्जा संचालनालय ती चालवतं. हिमस्खलनाचे नियमित इशारे 2013 साली सुरू झाले. 1 डिसेंबर ते 31 मे या काळात ठरावीक प्रदेशांसाठी रोज दुपारी 4 पर्यंत नवं बुलेटिन येतं. सेवा मोफत आहे आणि नॉर्वेजियन न येणाऱ्यांसाठी इंग्रजी आवृत्तीही आहे. काम चोख आहे. फक्त बरेच जण ती चुकीच्या टोकाकडून वाचतात: धोक्याची पातळी सांगणारा 1 ते 5 मधला आकडा (5 सर्वात धोकादायक) बघतात आणि पान बंद करतात.

आकडा हा तिथला सगळ्यात कमी उपयोगी भाग. 3 दिसला की 'मधलाच तर आहे' असं वाटतं, पण जीवघेणे अपघात मोठ्या संख्येने 3 लाच होतात. 4 आणि 5 ला लोक घरी बसतात, 3 ला डोंगरावर असतात. शिवाय तो आकडा अख्ख्या प्रदेशाचा असतो. आपल्या नाळेचा (डोंगरातली अरुंद उभी घळ) किंवा आपल्या सोंडेचा (डोंगराची खाली उतरत येणारी धार) अंदाज त्यात नसतो, आणि तसा दावाही सेवा करत नाही.

खरा मजकूर त्याखाली असतो: हिमस्खलनाची समस्या कोणती, कोणत्या दिशेच्या उतारांवर, किती उंचीच्या वर. आठ दिशांचं छोटं चक्र दिलेलं असतं, धोक्याच्या दिशा त्यात रंगवलेल्या असतात. हे तीन तुकडे नकाशावर ठेवले की वाट ठरते. समजा, समस्या 'वाऱ्याने साचलेला बर्फ' आहे, 800 मीटरच्या वर, उत्तर ते पूर्व उतारांवर. वारा नैर्ऋत्येचा होता, बर्फ आडोशाच्या बाजूला, धारेच्या मागे आणि नाळांच्या तोंडाशी साचलाय. तिथला बर्फ खडूसारखा घट्ट लागतो, पाऊल टाकल्यावर पोकळ वाजतो, स्कीच्या टोकापासून भेगा पुढे पळतात. या दिवशी वाऱ्याने झोडपलेली सोंड धरून चढता येतं, आडोशाचे खिसे टाळायचे. असा बर्फ बहुतेकदा काही दिवसांत स्थिरावतो.

आता आकडा तोच 3, पण समस्या 'टिकून राहिलेला कमकुवत थर'. इथे खिसे टाळून भागत नाही. हा थर आठवडेच्या आठवडे टिकतो, वरून दिसत नाही, आणि तुम्ही उताराच्या पायथ्याशी सपाटीवर असतानाही वरचा उतार सुटू शकतो. या दिवशी 30 अंशांपेक्षा उभा उतार अजिबात घ्यायचा नाही, अशा उताराखालून जायचंही नाही. स्लोगेनसारख्या डोंगराचं नाव त्या दिवशी यादीतून काढायचं. एकाच आकड्याचे हे दोन अर्थ जो वेगळे करू शकतो, त्याला या सेवेचा पुरेपूर उपयोग होतो.

सोबतचा उताराचा नकाशा फार चांगला आहे. 30 अंशांवरचे उतार रंगवलेले असतात आणि सुटलेला बर्फ खाली कुठवर पोहोचू शकतो तेही दिसतं. बहुतेकांचं लक्ष या दुसऱ्या भागाकडे जात नाही, आणि दरीतून बेफिकीर चालणाऱ्याला नेमका तोच लागतो. मर्यादा एकच, पण मोठी: छोटे टप्पे नकाशात विरघळून जातात. नॉर्वेच्या 1:50,000 नकाशावर समोच्च रेषा 20 मीटरच्या अंतराने असतात. 30 अंशांच्या उतारावर दोन रेषांत जेमतेम 0.7 मिलिमीटर जागा उरते. 10 मीटरचा कातळटप्पा दोन रेषांच्या मध्ये बेपत्ता होतो, आणि माणसाला दुखापत करायला 10 मीटर पुष्कळ झाले. म्हणून जागेवर उताराचा कोन मोजायचाच.

रेगऑब्स या जोडसेवेत डोंगरावरून आलेल्या लोकांच्या नोंदी दिसतात. प्रत्येक नोंदीची तारीख, उंची आणि दिशा बघा. दक्षिण उतारावर 400 मीटरला बर्फाचे थर तपासायला खणलेला खड्डा उत्तर उतारावरच्या 1200 मीटरबद्दल काही सांगत नाही. नोंद नाही म्हणजे धोका नाही, असं तर मुळीच समजू नका. खराब हवेत कुणी गेलेलंच नसतं.

बुलेटिनमधल्या हवामानाच्या भागात शून्य अंशाची उंची असते, ती वाचायला विसरू नका. तिच्याखाली स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला गोंदाने चिकटवायच्या पट्ट्या) भिजतात, वर गेल्यावर गोठतात, बर्फाचे गोळे चिकटून पाय जड होतात आणि शेवटी गोंद सुटतो. निघण्याआधी स्किनवर मेण घासा, जास्तीची जोडी जॅकेटच्या आत ठेवा. बर्फ रात्री गोठून कडक झाला असेल तर स्की क्रॅम्पॉन (कडक बर्फात रुतणारे स्कीला लावायचे धातूचे दात) उभा उतार सुरू व्हायच्या आधी, सपाट जागी लावा. मधोमध थांबून लावताना स्की निसटते.

बीकन (गाडलेल्याचा शोध लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं, गटात एक संच पुरत नाही. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, आणि तेवढ्या वेळात बहुधा सोबतीच पोहोचू शकतो.

उणिवा दोन. काही प्रदेशांना रोजचा इशारा मिळत नाही, धोका 4 किंवा 5 असेल तरच मिळतो. तिथे कोरं पान म्हणजे सुरक्षित दिवस नव्हे. दुसरी उणीव उन्हाळी ट्रेकरसाठी: रोजची बुलेटिनं 31 मेला थांबतात, पण उंच, सावलीतल्या नाळांत बर्फ जूनमध्येही असतो. सकाळी तो काचेसारखा कडक असतो. साध्या बुटावर घसरलेला माणूस थेट खालच्या दगडांवर जाऊन आदळतो. दुपारी तोच बर्फ खालून वाहत्या पाण्याने पोकळ झालेला असतो आणि कडेला पाय आत जातो. त्या दिवसांत आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड) आणि बुटाला लावायचे क्रॅम्पॉन सोबत नसतील तर बर्फाच्या पट्ट्याशी पोहोचल्यावर तिथूनच मागे फिरावं.