तालुक्याच्या गावातलं चार्जिंग: पंपावरचा डीसी बरा की लॉजवरचा प्लग?

मुंबई-गोवा महामार्गालगतच्या तालुक्याच्या गावात इलेक्ट्रिक गाडी चार्ज करायला साधारण तीन पर्याय असतात. पेट्रोल पंपावरचा सीसीएस-२ जोडणीचा डीसी, म्हणजे जलद चार्जर, एखाद्या हॉटेलच्या पार्किंगमधला ७.४ किलोवॉटचा, त्याहून संथ टाइप-२ एसी चार्जर आणि लॉजवरचा १५ अँपिअरचा साधा प्लग. मुक्काम असेल तर आमचं मत बिनदिक्कत प्लगला.

पंपावर पाटी ६० किलोवॉटची असते, पण गन (गाडीला लावायच्या केबल) दोन. दुसरी गाडी लागली की बहुतेक मशीन ३०-३० वाटून देतं. ४०.५ युनिटांच्या (किलोवॉट-तासांच्या) बॅटरीची नेक्सॉन २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात, म्हणजे ३० किलोवॉटवर पन्नासेक मिनिटं. ८० नंतर वेग घसरतो, तिथे थांबून मागच्याच्या शिव्या खाण्यात अर्थ नाही. दर वाचताना जीएसटी बघा: १८ रुपये लिहिलेलं युनिट १८ टक्के धरून २१.२४ ला पडतं.

मशीन बंद दिसलं तर आधी लाल इमर्जन्सी बटण पाहा. कुणीतरी चाळा म्हणून दाबलेलं असतं. बाणाच्या दिशेने फिरवलं की वर येतं. तेही ठीक असेल तर बहुधा थ्री-फेजमधला एक फेज गेलेला असतो किंवा व्होल्टेज पडलेलं असतं. पंपाचं जनरेटर नोझल आणि दिव्यांपुरतं, त्याच्या भरवशावर राहू नका. ॲपवर हिरवं दिसतंय म्हणून घाट उतरून जाऊ नये. मशीनचं सिम नेटवर्कमध्ये नसेल तर जुनीच स्थिती दिसत राहते. पंपावर फोन करून दोनच गोष्टी विचारा: आज सकाळपासून कुणाची गाडी चार्ज झाली का, आणि चार्जरसमोर टेम्पो लागलाय का. चार्जिंग संपल्यावर गन निघत नसेल तर ओढाताण नको. आधी ॲपवरून सेशन थांबवा, मग किल्लीने गाडी अनलॉक करा.

आता प्लग. साध्या प्लगला लावायचा, गाडीत ठेवलेला पोर्टेबल चार्जर ३.३ किलोवॉट ओढतो, बॅटरीत तासाला जेमतेम ३ युनिट पोचतात. तेच २४ युनिट आठ तासांत, म्हणजे रात्री दहाला लावली की सकाळच्या चहापर्यंत काम झालं. अडतं ते अर्थिंगपाशी. चार्जरवर लाल दिवा आला की गाडीला दोष देण्याआधी वायरमनला न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-चार व्होल्टच्या बरंच वर असेल तर बहुधा अर्थिंगचा खड्डा सुकलाय. जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात हे हमखास होतं, आणि खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं की बऱ्याचदा चालूही होतं. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तरी काही चार्जर अडून बसतात.

खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड मात्र नको. हीटर तासभर चालतो, हे आठ तास. बारीक वायर आणि सैल सॉकेट तेवढ्यात वितळतात. पहिल्या अर्ध्या तासाने सॉकेटात बसवलेल्या टॉपला हात लावून पाहा. चटका बसला तर बंद करा, किंवा गाडीत सोय असेल तर करंट १० अँपिअरवर आणा. एसी लावलेली खोली मागितली तर त्या पॉइंटची वायर सहसा जाड असते, आणि खोली तळमजल्यावरची मिळाली तर उत्तमच.

पैशांचं आधी ठरवा. सबमीटर नसेल तर गाडीने दाखवलेल्या युनिटांत दहाएक टक्के नुकसान मिळवून द्या. मालकालाही ते पटतं.