बेस परत आला, पण माझा नव्हे

गिऱ्हाइकाने एकदाही विचारलं नाही की मी विकायला काढलेला बेस गिटार वाजतो कसा. नेक कशी आहे, फ्रेट्स किती झिजल्यात, वजन किती, काही नाही. त्याचे प्रश्न वेगळेच होते. काढलेले मूळ पार्ट्स सोबत मिळणार ना? पिकअपचा (तारांची कंपनं टिपणारा भाग) खालच्या बाजूने फोटो मिळेल? मला वाटलं, माणूस जाणकार आहे. जाणकार होताच म्हणा.

बेस १९७२चा फेंडर मस्टँग. नेहमीच्या ३४ इंचांऐवजी ३० इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी कमी, लहान हाताला सोयीचा. नवं भोक न पाडता मी पिकअप, ब्रिज आणि ट्युनिंग कीज बदलल्या होत्या. जुनं सामान पिशवीत जपून ठेवलेलं. पॉट्सना, म्हणजे आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणांखालच्या भागांना, मात्र हात लावला नव्हता. जाहिरातीत लिहिलं, ‘विंटेज, अपग्रेडेड पार्ट्स’. नेमकं काय बदललंय त्याची यादी दिली नाही. आळस, दुसरं काय!

पार्सल पोचल्यावर चौथ्या दिवशी त्याची तक्रार आली: ‘वर्णनाप्रमाणे नाही, पार्ट्स मूळ नाहीत.’ विक्री ज्या साइटवरून झाली तिने परतीचा आदेश दिला. परतीचं पार्सल पोचल्याची नोंद झाली आणि त्याचे पैसे त्याच्याकडे गेलेसुद्धा. मी तोवर खोक्याची चिकटपट्टीही काढली नव्हती.

बाहेरून सगळं ठीक दिसत होतं. बॉडी तीच, नेक तीच. अँपला लावला तर आवाज पातळ. पिकगार्ड, म्हणजे बॉडीवरची पट्टी, उघडला आणि पहिल्यांदा नजरेत भरलं ते सोल्डर: चकचकीत, ताजं. पन्नास वर्षांचं सोल्डर असं चमकत नाही. मूळ पॉटच्या पाठीवर १३७७२१४ हा आकडा होता, म्हणजे १३७ हा सीटीएस कंपनीचा क्रमांक, साल ७२, आठवडा चौदावा. आता तिथे कोरे पत्र्याचे पॉट्स. पिकअप स्वस्तातला. मल्टिमीटर लावला, वहीत लिहून ठेवलेल्या रेझिस्टन्सशी आकडा जुळेना. पण वही माझी, अक्षर माझं, ते पुरावा म्हणून कोण धरणार? पॉट्सचा फोटो काढायला हवा होता, तो काढलाच नव्हता. अपील दोन ओळींत फेटाळलं.

त्याला बेस नकोच होता, सुटे भाग हवे होते. जुनी बॉडी कुरियरने पाठवायला जड. पॉट्स, पिकअप, कीज मुठीत मावतात आणि वेगवेगळे विकले जातात.

त्यानंतर मी एक अँप विकला. पाठवण्याआधी आतली प्रत्येक जोडणी जवळून टिपली, सिरियल नंबर फोटोत घेतला, खोकं बंद होईपर्यंत एकसलग व्हिडिओ केला आणि काट्यावरचा आकडा त्यातच दाखवला. बदललेला एकेक भाग जाहिरातीत लिहिला. दोन स्क्रूंवर नेलपॉलिशचा ठिपका दिला, उघडला तर तडकावा म्हणून.

मूळ सामानाची पिशवीही परत आली होती म्हणा. आत पिकअपचं एक प्लास्टिकचं कव्हर होतं. मस्टँगला दोन लागतात.