छर्रे मापात आणणारा डाय : बालेवाडीतल्या वापरानंतरचे मत

भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर तयार झालेला, एअर रायफलचे छर्रे मापात आणणारा हातडाय मी बालेवाडीच्या क्रीडासंकुलातील सरावासाठी नियमित वापरत आहे. कडक केलेल्या पोलादी ठोकळ्यात ४.५२ मिलिमीटरचे आरपार भोक, वरून छर्रा ढकलणारी दांडी आणि खाली छर्रे झेलणारी वाटी, एवढेच हे अवजार असून त्याची किंमत मॅच छऱ्यांच्या, म्हणजे स्पर्धेसाठीच्या अचूक छऱ्यांच्या, दोन डब्यांइतकी आहे.

काडतुसांच्या पितळी केसेस (बाहेरची कवचे) डायमधून काढून पुन्हा मापात आणण्याविषयी आपण वाचतो, परंतु आपल्याकडच्या बहुतेक नेमबाजांच्या वाट्याला ते काम येतच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी ज्या पन्नास मीटर प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील ५.६ मिलिमीटरच्या काडतुसात पेटणारे रसायन केसच्या कडेतच भरलेले असते, आणि त्यामुळे ती केस एकदा वापरली की टाकूनच द्यावी लागते. मापात आणण्यासारखे आपल्या हाती उरतात ते छर्रेच.

धातूच्या स्वभावामुळे हे काम पितळेपेक्षा सोपे आहे. साधारण सत्तर टक्के तांबे आणि तीस टक्के जस्त असलेले केसचे पितळ डायमधून बाहेर पडताच किंचित मागे उसळते, वारंवार दाबल्याने कडक होत जाते आणि तापवून नरम केले नाही तर केसच्या मानेला चिरा पडतात. शिसे मात्र नेहमीच्या तापमानालाच पुन्हा नरम पडत असल्याने दाबाने कडक होऊन बसत नाही आणि दिलेले माप बऱ्यापैकी धरून ठेवते.

छऱ्याचे डोके नळीतील आट्यांवर (आतल्या पिळदार कंगोऱ्यांवर) टेकते आणि मागचा पातळ स्कर्ट, म्हणजे घेरासारखा पोकळ भाग, हवेच्या दाबाने फुलून नळी बंद करतो. डबी वाहतुकीत आदळली की सर्वांत आधी हा स्कर्टच चेपतो. साध्या सरावाच्या छऱ्यांमध्ये असे चेपलेले बरेच निघतात आणि या डायचे खरे मोल तिथेच कळते. रायफल शिकंज्यात बांधून दहा मीटरवर घेतलेल्या चाचणीत डायमधून काढलेल्या साध्या छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील छिद्रांचा पुंजका, स्पष्टपणे आवळला, आणि इकडेतिकडे जाणारे एकटेदुकटे छर्रे जवळजवळ थांबले. ज्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटरचा असतो, तिथे हा फरक सरावातही जाणवतो.

चांगल्या बॅचच्या मॅच छऱ्यांना मात्र या डायचा उपयोग झाला नाही, उलट ग्रुप किंचित पसरला. डोक्यापेक्षा रुंद ठेवलेला स्कर्ट इथे आवळला जातो आणि नळी पूर्वीइतकी घट्ट बंद होत नाही, असे मला वाटते. वजनातील तफावत तर कोणताही डाय दूर करू शकत नाही. म्हणून स्पर्धेसाठी आपल्या नळीला मानवणारी बॅच तपासून घेणे आणि तिचे छर्रे न दाबता वापरणे, यालाच माझी पसंती राहील.

बनावटीविषयी एक तक्रार नोंदवायला हवी. भोकाच्या तोंडाशी बारीक बर (कापताना उरलेली धातूची धारदार कड) राहिली होती आणि सुरुवातीच्या छऱ्यांवर उभे ओरखडे उठत होते. कारखानदारांनी ती कोणताही वाद न घालता घासून दिली, तरी असे अवजार तपासूनच बाहेर पडायला हवे. दांडीचा दाब सरळ बसतो आणि हात दुखत नाही, ही बाजू उत्तम. पावसाळ्यात पुण्याच्या दमट हवेने शिशावर पांढरी पूड धरते, आणि ती डायमध्ये साचल्यास माप बदलते, त्यामुळे तेलाचा हलका हात फिरवलेल्या कापडाने भोक पुसत राहावे. काम संपल्यावर साबणाने हात धुणे कोणीही टाळू नये, आणि लहान मुलांच्या हाती हे काम देऊ नये.

क्लबमध्ये नव्या मुलांसाठी साधे छर्रे मोठ्या प्रमाणात लागत असतील, तर हा डाय जरूर घ्यावा. मागणी नोंदवताना आपल्या छऱ्यांच्या डोक्याचे माप कळवावे, कारण कारखानदार भोक त्यानुसार करून देतात.