तलाव तापवायला छतावर काय बसवावं: काळ्या चटया की सोलर पॅनल?

लोणावळ्यातल्या एखाद्या बंगल्याचा ८ बाय ४ मीटरचा, सव्वा मीटर खोल पोहण्याचा तलाव धरा. पाणी झालं ४० हजार लिटर. ते फक्त १ अंशाने तापवायला साधारण ४६ युनिट उष्णता लागते.

पहिला मार्ग काळ्या प्लास्टिकच्या नळ्यांच्या चटयांचा. फिल्टरचाच पंप पाणी छतावर चढवतो, ते कोमट होऊन परत येतं. काच नाही, बॅटरी नाही, बिघडण्यासारखं फारसं काही नाही. वारा सुटला की मात्र पकडलेली ऊब निसटते. जागाही भरपूर खातात: तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्मी तरी, कधी जवळजवळ तेवढीच. उन्हाळ्यात रात्री पंप चालवला तर याच चटया पाणी थंडही करतात, ही गंमत मला फार आवडते.

दुसरा मार्ग सोलर पॅनलच्या विजेवर चालणाऱ्या हीट पंपाचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडणाऱ्या यंत्राचा. ३ किलोवॅटचे पॅनल स्वच्छ उन्हात दिवसाला सुमारे १२ युनिट देतात. हीट पंप त्याच्या चार-पाचपट उष्णता देतो, म्हणजे अंशभर ऊब. खर्च बराच जास्त. पण तलाव थंडीतच तापवायचा असेल, तर एरवी चटया नुसत्या पडून राहतात. वीज मात्र नेट मीटरिंगमधून, म्हणजे जादा वीज ग्रिडला देण्याच्या सोयीतून, घराच्या बिलात वळती होते.

छत मोठं आणि बजेट लहान असेल तर चटया घ्या. नाहीतर माझं मत हीट पंपाला. मात्र आधी तलावावर आच्छादन हवंच, कारण सर्वांत जास्त उष्णता बाष्पीभवनातच जाते.